नंदी, निफाड, अकलूज

बेंगळुरूतल्या वाईनप्रेमींच्या बैठका बहुधा एकेका देशाच्या नावाने भरतात. एक संध्याकाळ इटलीची, एक चिलीची, एक ऑस्ट्रेलियाची. आयातदार बाटल्या पुरवतो, एखादं हॉटेल खोली देतं, भिंतीवर त्या देशाचा नकाशा लागतो आणि दोन-अडीच तासांत माणूस पिडमाँटपासून सिसिलीपर्यंत फिरून घरी येतो. इंदिरानगरातल्या एका हौशी गटाने फेब्रुवारीतल्या बैठकीसाठी देश निवडला, भारत. हा निरोप वाचून काही जुन्या सभासदांनी कामाची सबब सांगितली. मला मात्र त्याच निरोपाने ओढून नेलं. मी मूळची तासगावकडची. आमच्याकडे द्राक्ष म्हणजे बेदाण्याचे सौदे, सोसायटीचं कर्ज, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आभाळ भरून आलं की अख्ख्या घराची उडालेली झोप. त्या पिकाची बाटली बेंगळुरूच्या टेबलावर कशी उभी राहते, हे मला बघायचंच होतं.

बैठकीतून जे पक्कं झालं ते आधीच सांगते. ‘भारतीय वाईन’ अशी एक चव नाही. नाशिकची वेगळी, अकलूजची वेगळी, नंदीच्या पायथ्याची आणखी वेगळी. आपण अजूनही ती गाव धरून, वर्ष धरून पीत नाही. ‘इंडियन आहे, बरी आहे’ एवढ्यावर भागवतो. शेतकऱ्यावर हा अन्याय आहे आणि आपलंही त्यात नुकसान आहे.

बाटल्या खाकी कागदात गुंडाळून त्यांच्यावर फक्त आकडे टाकलेले होते. समोर पांढरा कागद, म्हणजे रंग नीट दिसावा. प्रत्येक दोघांमध्ये एक स्टीलची पिकदाणी. वाईन चाखणारे खरे जाणकार घोट तोंडात घोळवून थुंकतात, आणि या गटात तो शिरस्ता काटेकोरपणे पाळतात. संध्याकाळ चालवणारी तरुणी हॉटेलच्या वाईन विभागात नोकरीला होती. मूळची म्हैसूरची, कन्नड-इंग्रजीत बोलणारी. तिने सुरुवातीलाच बजावलं होतं की कागद निघेपर्यंत कुणी कंपनीचं नाव घ्यायचं नाही. बोलायचं ते वासाबद्दल, आंबटपणाबद्दल, तुरटपणाबद्दल, आणि जमलं तर ही वाईन कुठल्या जमिनीतली वाटते त्याबद्दल.

पहिला ग्लास फेसाळत्या वाईनचा. बुडबुडे बारीक, पावाच्या भट्टीसारखा खमंग वास, शेवटी लिंबाच्या सालीचा कडवटपणा. कागद निघाला तेव्हा ती दिंडोरीची निघाली. मोएट हेनेसी या फ्रेंच समूहाने नाशिक जिल्ह्यात उभारलेल्या वायनरीची शाँदों, २०१३ पासून बाजारात आहे. टेबलावर कौतुक झालं. पण मला आठवलं नारायणगाव. दिंडोरीच्या कितीतरी आधी, १९८०च्या दशकात, शामराव चौगुले नावाच्या मराठी उद्योजकाने जुन्नर तालुक्यात फ्रेंच पद्धतीची फेसाळती वाईन करायचं मनावर घेतलं. पायपर-हाइडसीक या शँपेनच्या नामांकित घराण्याची तांत्रिक मदत मिळवली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती वाईन परदेशात विकली. भारतात ती ‘मार्क्विज द पाँपादूर’ या नावाने मिळायची. २००८ नंतरच्या मंदीत कर्जाच्या ओझ्याखाली शातो इंडाज ही कंपनी कोसळली, आणि तिच्यासोबत ही आठवणही बुजली. आज दिंडोरीच्या ग्लासाचं कौतुक करणाऱ्या त्या खोलीत कुणाला नारायणगाव ठाऊक नव्हतं. देशातल्या वाईनचा इतिहास लिहायचा तर पहिलं प्रकरण पुणे-नाशिक रस्त्यावर सुरू होतं, आणि ते मराठीत लिहिलं जायला हवं.

पुढची फेरी पांढऱ्या वाईनची. एका ग्लासातून नाकाशी आला तो थेट पेरू. पिकलेला नव्हे, देठाकडचा हिरवट, करकरीत पेरू, आणि मागे सिमला मिरचीचा हलका वास. सोव्हिन्यॉं ब्लाँ या द्राक्षाची ही खूणच आहे. शेजारचा ग्लास जरा गोडसर, अननसाकडे झुकणारा. तो शेनिन ब्लाँचा. दोन्ही नाशिकचे. ही दोन द्राक्षं नाशिकला रुजवायचं श्रेय राजीव सामंत यांच्याकडे जातं. स्टॅनफर्डला शिकलेला, अमेरिकेत ओरॅकलमध्ये नोकरी केलेला हा तरुण नाशिकला वडिलोपार्जित जमिनीवर परतला. आंबा, गुलाब, खायची द्राक्षं असं सगळं करून पाहिलं आणि १९९७मध्ये वाईनच्या द्राक्षांची लागवड केली. कॅलिफोर्नियाचे केरी डॅम्स्की मदतीला आले. २०००मध्ये पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. आईचं नाव सुलभा, त्यावरून ‘सुला’. गंगापूर धरणाच्या काठावर आज शनिवार-रविवारी जी जत्रा लोटते, तिचं मूळ त्या पहिल्या लागवडीत आहे.

तिसरा पांढरा ग्लास वेगळाच होता. वासाला मंद, चवीला मात्र खारट म्हणावी अशी झाक, आणि आंबटपणा शेवटपर्यंत टिकलेला. हे द्राक्ष ग्रिलो, मूळ सिसिलीचं. बाटली निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडीची, यतीन आणि किरण पाटील यांच्या रेव्हेलो या वायनरीची. कुंदेवाडीचं नाव मराठी वाचकाला दुसऱ्या कारणाने माहीत असतं. तिथल्या गहू संशोधन केंद्रावरचा थंडीचा आकडा दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येतो. पारा एक आकडी झाला की आपण स्वेटर काढतो, पण द्राक्षाच्या मण्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट असते. दिवसा कडक ऊन, त्याने साखर भरते. रात्री गारठा, त्याने आंबटपणा उडून जात नाही. पांढऱ्या वाईनचा जीव त्या आंबटपणात असतो. कुंदेवाडीच्या रात्री त्या ग्लासात होत्या, असं मी म्हणते तेव्हा ती अलंकारिक भाषा नाही.

माझ्या उजवीकडे निफाडचाच एक तरुण बसला होता. सर्जापूर रस्त्यावरच्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, गावाकडे वडील आणि भाऊ बाग सांभाळतात. मी तासगावची म्हटल्यावर त्याने लगेच “ताई” म्हणून गाठ घातली. टेबलावरच्या मंडळींना प्रश्न पडला होता की भारतात द्राक्ष फेब्रुवारीत कसं काढतात, युरोपात तर सप्टेंबर-ऑक्टोबर असतो. त्याने समोरची ब्रेडस्टिक उचलली आणि तिलाच द्राक्षाची काडी करून समजावायला लागला.

थंड देशात हिवाळ्यात वेल झोपतो. पानं गळतात, वसंतात डोळे फुटतात, वर्षाला एक चक्र. आपल्याकडे वेल झोपतच नाही. सोडला तर वर्षभर वाढत राहील, पावसाळ्यात फळ देईल आणि ते फळ रोगाने सडून जाईल. म्हणून झोपेचं काम कात्रीने करावं लागतं, तेही वर्षातून दोनदा. एप्रिलमध्ये खरड छाटणी. त्याने ब्रेडस्टिक जवळजवळ बुडापासून मोडली. ओलांड्यावर, म्हणजे वेलाच्या आडव्या फांदीवर, डोळा-दोन डोळे ठेवून बाकी सगळं उतरवायचं. भर उन्हाळ्यात नव्या काड्या वाढतात, आणि त्या काड्यांच्या डोळ्यांत, बाहेरून काही दिसत नसताना, पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. शेतकरी त्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. याच दिवसांत ढगाळ हवा राहिली, ऊन कमी पडलं, तर ऑक्टोबरात काड्या दिसतील पण घड दिसणार नाहीत. मग पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. दुसरी ब्रेडस्टिक घेऊन त्याने ती अर्ध्यावर मोडली. घड असलेला डोळा नेमका कुठे आहे ते ओळखून त्याच्या वर कात्री चालवायची. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावायची. मग फेलफूट काढणं, विरळणी, भुरी आणि डाऊनी या रोगांवर फवारण्या, आणि साडेचार-पाच महिन्यांनी काढणी.

“म्हणजे वर्षातून दोन पिकं घेता येतील की,” कुणीतरी म्हणालं.

“येतील. पण वाईनला एकच चांगलं हवं असतं,” तो म्हणाला.

दख्खनच्या या दुहेरी स्वभावाची नोंद फार जुनी आहे. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता दौलताबादला आला होता, आणि तिथे द्राक्षं-डाळिंबं वर्षातून दोनदा येतात असं त्याने लिहून ठेवलं आहे. नाशिकचा अक्षांश साधारण २०, बेंगळुरूचा १३. जगातले बहुतेक नावाजलेले वाईनचे प्रदेश ३० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यात येतात. आपण त्या पट्ट्याच्या बाहेर, उष्ण कटिबंधात, कात्रीच्या आणि थोड्या थंडीच्या भरवशावर हे पीक घेतो. ते समजून घेतलं की एखादी वाईन थोडी बोजड लागली तरी तिच्याकडे बघायची नजर बदलते. मार्चमध्ये ऊन तापलं की मण्यातली साखर धावत सुटते आणि आंबटपणा कोसळतो. काढणी चार दिवस लवकर करावी की उशिरा, यावर सगळं वर्ष ठरतं. खायच्या द्राक्षाला साखरेचा आकडा १७-१८ झाला तरी चालतं, वाईनला २२ ते २४ लागतो. एकराचं उत्पन्न मुद्दाम निम्म्यावर आणावं लागतं. टनावर पोसलेल्या आमच्या तासगावी मनाला हे पचायला वेळ लागतो.

लाल वाईनची फेरी सुरू झाली आणि बेंगळुरूची मंडळी सरसावून बसली. पहिल्या ग्लासात करवंदाचा गडद रस, मिरीचा झणका, आणि तुरटपणा असा की जीभ कोरडी पडावी पण खरबरीत होऊ नये. कागद निघाला. ग्रोव्हरची ‘ला रिझर्व्ह’, कॅबर्ने सोव्हिन्यॉं आणि शिराझची. आम्ही बसलो होतो तिथून ती बाग सकाळची रहदारी सोडली तर दीड तासाच्या अंतरावर.

तिची गोष्ट सांगण्यासारखी आहे. कंवल ग्रोव्हर हे यंत्रसामग्रीच्या व्यापारानिमित्त फ्रान्सला जात-येत राहिलेले उद्योजक. तिथल्या टेबलांवर त्यांना वाईनची गोडी लागली आणि आपल्या देशात हे का होऊ नये, हा प्रश्न मनात घर करून बसला. शँपेन प्रांतातले जाणकार जॉर्ज व्हेसेल यांना त्यांनी भारतात आणलं. निरनिराळ्या जमिनी, निरनिराळी हवा पाहून दोघांनी निवड केली नंदी टेकड्यांच्या पायथ्याची, दोड्डबळ्ळापूर परिसराची. सुमारे ९०० मीटर उंची, उन्हाळाही सोसवणारा, माती निचऱ्याची. १९८८मध्ये कंपनी उभी राहिली, १९९२च्या काढणीची वाईन पहिली. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून बोर्दोचे मिशेल रोलाँ सल्ल्याला आले. २०१२मध्ये ही कंपनी इगतपुरी तालुक्यातल्या संजेगावच्या झँपाशी एक झाली. तेव्हापासून एकाच नावाखाली नंदी आणि नाशिक नांदतात.

नंदीचा वेल नाशिकच्या वेलाहून निराळा जगतो. नाशिकला रात्रीचा गारठा तीव्र, दिवस-रात्रीतली तफावत मोठी. नंदीला हवा वर्षभर सौम्य, फळ सावकाश पिकतं, पण ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात येऊन कोवळ्या फुटीवर बसतो आणि डाऊनीला आमंत्रण देतो. म्हणून नंदीची चांगली लाल वाईन मऊ असते, अंगाने भरलेली, कडा गोल झालेली. टेबलावर यावरून दोन तट पडले. नाशिकच्या शिराझमधला टोकदारपणा कुणाला आवडला, कुणाला नंदीचा समजूतदारपणा. मी नंदीच्या बाजूने मत दिलं. निफाडच्या मुलाने अर्थातच नाही.

पण बेंगळुरूचं खरं द्राक्ष ला रिझर्व्हमध्ये नसतं. ते असतं फेब्रुवारीत हॉपकॉम्सच्या दुकानांत, रस्त्याकडेच्या टोपल्यांत. बेंगळुरू ब्लू. छोटे, गोल, काळपट निळे मणी, वर राखेसारखी लव. जाड साल दातांनी फोडली की आतला गर सुटून जिभेवर येतो, बियांसकट. आणि वास असा की पिशवी बसमध्ये ठेवली तर अख्खी बस ओळखेल. हे अमेरिकन जातीच्या रक्ताचं द्राक्ष. चिक्कबळ्ळापूर, बेंगळुरू ग्रामीण, कोलार या भागात ते मांडवावर पिढ्यान्‌पिढ्या वाढतं, रोगाला दाद देत नाही आणि वर्षातून एकाहून जास्त बहर देतं. त्याला भौगोलिक निर्देशांकही मिळाला आहे. रस, जॅम आणि गोड ‘पोर्ट’ या तिन्ही गोष्टी त्यातून होतात. शहराच्या उत्तरेला हेसरघट्टा इथल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने या द्राक्षाचा ब्लॅक चंपाशी संकर करून ‘अर्का श्याम’ काढलं, ब्लॅक चंपा आणि थॉमसन या जातींतून ‘अर्कावती’. अर्कावती ही नदीही नंदी टेकड्यांतच उगम पावते.

वाईनच्या जाणकारांना बेंगळुरू ब्लूचा वास उग्र वाटतो. अशा बैठकांत त्याचं नाव निघालं की नाकं मुरडतात. पण संध्याकाळ चालवणाऱ्या त्या म्हैसूरच्या मुलीने शेवटचा ग्लास याच द्राक्षाच्या गोड वाईनचा ठेवला होता, आणि त्याबद्दल मला तिचा आदर वाटला. देशाची ओळख करून घ्यायला बसलो असू, तर देशातल्या साध्या माणसाच्या हातात जी बाटली जास्तीत जास्त जाते तिला बाहेर कसं ठेवायचं? फ्रेझर टाऊन, कुक टाऊन, रिचर्ड्स टाऊनमधल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या आधी याच द्राक्षाची वाईन घरी घालतात. चिनी मातीच्या बरणीत मणी कुस्करायचे, साखर, यीस्ट, मूठभर गहू, तोंडाला पांढरं फडकं बांधायचं आणि रोज लाकडी डावाने एकाच दिशेने ढवळायचं. माझ्या शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरात ही बरणी उभी असते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्या फडकं सोडतात, आणि जिन्यापर्यंत तो वास येतो. बैठकीत कुणी त्या ग्लासाला गुण दिले नाहीत. मी दिले. गोड जास्त, लांबी कमी, पण प्रामाणिक. आपण काय आहोत हे त्या वाईनला माहीत होतं.

लाल वाईनच्याच फेरीतल्या अकलूजच्या ग्लासाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. सोलापूर जिल्ह्यातला माळशिरस तालुका म्हणजे ऊस, साखर कारखाना आणि मोहिते-पाटील. या घराण्याने दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू यांच्याबरोबर भागीदारी करून वाईन सुरू केली, म्हणून नाव फ्रातेल्ली, इटालियनमध्ये भाऊ. तोस्कानाचे पिएरो मासी वाईनकार म्हणून आले आणि त्यांनी आपल्या मुलखाचं सँजोव्हेसे हे द्राक्ष सोलापूरच्या मातीत लावलं. पाऊस कमी, पाणी ठिबकचं, हवा कोरडी, म्हणजे रोगाची धास्ती कमी. त्या ग्लासात मला आमसूल लागलं, आणि सुक्या मातीवर पहिला शिंतोडा पडावा तसा वास. टेबलावर सगळ्यात जास्त वेळ शांतता याच ग्लासावर होती.

मासींबरोबर फ्रातेल्लीच्या ‘एम/एस’ या वाईन्सवर काम केलं ते स्टीव्हन स्परियर यांनी. हे नाव वाईनच्या जगात फार मोठं. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये त्यांनीच ती प्रसिद्ध झाकलेली चाचणी भरवली. फ्रेंच परीक्षकांनी लेबल न बघता चव घेतली आणि पांढऱ्यात कॅलिफोर्नियाची शातो माँतेलेना, लाल वाईन्समध्ये कॅलिफोर्नियाचीच स्टॅग्ज लीप पहिली आली. फ्रान्सबाहेरही उत्तम वाईन होते हे त्या एका दुपारी जगाने मान्य केलं. ज्या माणसाने ही चाचणी घेतली तो आयुष्याच्या उत्तरार्धात अकलूजच्या बागेशी जोडला गेला. २०२१मध्ये त्यांचं निधन झालं. आपल्या वर्तमानपत्रांत यावर किती ओळी आल्या? बाटलीवर कागद गुंडाळण्याची ती साधी युक्ती किती मोलाची आहे हे अकलूजचा कागद निघाला तेव्हा दिसलं. ज्यांनी ही वाईन इटलीची म्हणून गुपचूप लिहून ठेवली होती, त्यांनी आपली चिठ्ठी स्वतःच वाचून दाखवली.

हम्पीजवळच्या क्रस्मा वायनरीची कॅबर्नेही होती. कोप्पळ जिल्ह्यातल्या कोरड्या, दगडधोंड्यांच्या माळावरची, फक्त स्वतःच्या बागेतल्या द्राक्षांची. गडद, भारदस्त, अजून काही वर्षं ठेवावी अशी. तिच्याबद्दल याहून जास्त लिहिण्याआधी ती बाग बघायला हवी.

बाटल्या उघड्या झाल्या तेव्हा यादीतल्या रिकाम्या जागाही उघड झाल्या. नाशिकच्या काही छोट्या वायनरींची वाईन बैठकीला हवी होती, ती मिळाली नाही, कारण ती कर्नाटकात विकायलाच नाही. प्रत्येक राज्यात प्रत्येक लेबलची वेगळी नोंदणी, तिचं वेगळं शुल्क, वर दुसऱ्या राज्याच्या मालावर वेगळा कर. छोट्या उत्पादकाला हा खर्च झेपत नाही. सीमेवरच्या निपाणीच्या अलीकडची वाईन आणि पलीकडची वाईन यांत सरकारदरबारी जी भिंत आहे, ती मातीत कुठेही नाही. मोठ्यांनी यावर दोन्ही राज्यांत पाय रोवून उपाय शोधला. ग्रोव्हरचं नाशिक आहे, तसं सुलाचं बेंगळुरू-म्हैसूर रस्त्यावर चन्नपट्टणला आहे. छोट्यांकडे तो उपाय नाही. महाराष्ट्राने २००१मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, अबकारी करात सूट दिली, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क काढले. कर्नाटकाने २००७मध्ये आपलं धोरण आणून वाईन बोर्ड स्थापन केलं. दोन्ही धोरणं आपापल्या जागी चांगली, पण दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवून लिहिलेली. दख्खनचं एक पठार, एकाच मोसमी पावसावर जगणारं, त्याच्या वाईनला सीमेवर परक्यासारखं वागवतात, याचा मला मनापासून राग येतो.

यात भरडला गेला तो शेतकरी. २००१नंतर नाशिक-सांगलीत वाईनच्या द्राक्षाची लाट आली. वायनऱ्या भराभर उभ्या राहिल्या, करार झाले, लोकांनी खायच्या थॉमसन द्राक्षाच्या बागा काढून शिराझ लावली. मग २००८ची मंदी, मुंबईवरचा हल्ला, ओस पडलेली हॉटेलं. टाक्यांत जुनी वाईन तशीच पडून, नवी द्राक्षं घ्यायला कुणी नाही. वाईनचं द्राक्ष बाजार समितीत नेऊन विकता येत नाही. मणी लहान, बियांचं, खाणारा त्याला हात लावत नाही. बेदाणाही त्याचा होत नाही. अनेकांनी बागा उपटल्या. निफाडच्या त्या मुलाच्या वडिलांनीही तेव्हा वाईनचा प्लॉट काढून पुन्हा खायचं द्राक्ष लावलं. आता धाकटा भाऊ पुन्हा एक एकर शेनिन लावायचं म्हणतोय आणि घरात वाद चालू आहे. वडील म्हणतात, आधी लेखी करार, भाव आणि पैसे देण्याची तारीख, मग खड्डे. मी वडिलांच्या बाजूची आहे.

आणि दारूचा प्रश्न. मराठी घरात वाईनवर लिहायचं तर तो टाळता येत नाही, टाळूही नये. जानेवारी २०२२मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. शेतकऱ्याचं हित हे कारण सांगितलं गेलं. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, विरोधकांनी रान उठवलं आणि निर्णय अडला. मला दोन्ही बाजूंच्या भाषेत खोट वाटली. वाईन ही दारूच आहे. २०२३च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की दारूची कुठलीच मात्रा पूर्णपणे निर्धोक नाही. शेतकऱ्याचं नाव पुढे करून ते झाकता येणार नाही. पण देशी दारूचे गुत्ते गावोगाव चालू ठेवून, फक्त द्राक्षाच्या बाटलीवर संस्कृतीची लढाई लढणंही मला पटत नाही. ज्यांना घ्यायची आहे त्यांनी कमी घ्यावी, चांगली घ्यावी, आणि ती कुणाच्या शेतातली आहे हे विचारून घ्यावी. त्या खोलीतल्या पिकदाण्या अर्ध्याहून जास्त भरल्या होत्या. चवीसाठी नशा लागत नाही, याचा तो पुरावा समोर होता.

वाईन गाव आणि वर्ष धरून ओळखायचं आताच ठरवायला हवं, कारण बाहेरची वाईन स्वस्त होत चालली आहे. परदेशी वाईनवर वर्षानुवर्षं १५० टक्के आयात शुल्क होतं, त्या भिंतीच्या आडोशाला आपल्या वायनऱ्या वाढल्या. २९ डिसेंबर २०२२ला ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार लागू झाला. ५ डॉलरहून महाग बाटलीवरचं शुल्क १०० टक्क्यांवर आलं, ते दहा वर्षांत ५० होणार. १५ डॉलरहून महाग बाटलीवर ७५, ते २५ होणार. उद्या ऑस्ट्रेलियातल्या बरोसाची शिराझ आणि नाशिकची शिराझ एकाच फळीवर जवळपास एकाच भावात उभ्या असतील. तेव्हा ‘आपली आहे म्हणून घ्या’ हे सांगून भागणार नाही. लेबलवर गाव हवं, काढणीचं वर्ष ठळक हवं, शक्य असेल तिथे बागायतदाराचं नाव हवं. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात काम होतं, द्राक्ष बागायतदार संघाची शिस्त आहे, तासगावच्या शेतकऱ्यांनी थॉमसनमधून तास-ए-गणेश ही जात निवडून काढण्याइतकी नजर आपल्या माणसांकडे आहे. ही नजर वाईनच्या द्राक्षाकडे वळायची बाकी आहे.

गटाची पुढची भारताची बैठक ठरली आहे. या वेळी द्राक्ष एकच, शिराझ, आणि शक्यतो काढणीचं वर्षही एकच. नंदी, नाशिक, अकलूज आणि बरोसा, चारही कागदात गुंडाळलेल्या. निपाणी ओलांडून न येणाऱ्या छोट्या वायनऱ्यांसाठी बैठक एकदा नाशिकलाच भरवावी, असं मी सुचवलं आणि निफाडच्या मुलाने जेवणाची जबाबदारी घेतली. तारीख अजून पक्की नाही. गोडी छाटणीची धांदल उरकल्यावर त्याचे वडील मोकळे होतात, आणि त्यांनीही टेबलावर बसावं असं आम्हा सगळ्यांना वाटतं.